अप्रीतीचे अर्थनिर्णयन : राजद्रोही लेखन आणि हिंसेचे भाकीत

सह्याद्रीच्या पायथ्याशी भिवपुरी येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९४२ च्या आंदोलनात, याच कर्जत-मुरबाड पट्ट्यात मुंबईकडे वीज नेणारे मनोरे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात भारत सरकारने १९४२-४३ च्या उत्पातांची जबाबदारी काँग्रेसवर ठेवणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. गृहखात्याचे रिचर्ड टॉटेनहॅम यांनी सिद्ध केलेल्या या पुस्तिकेची पद्धती मुळात वाङ्मयीन आहे. गांधींच्या ‘हरिजन’मधील लेखांतून उतारे निवडावयाचे, त्यांतून उद्देश काढावयाचा आणि तो नंतर घडलेल्या कृतींना जोडावयाचा. १५ जुलै १९४३ च्या प्रदीर्घ उत्तरात आगाखान पॅलेसमधील बंदिवान गांधींनी आक्षेप घेतला तोही संहितेच्या पातळीवरच : उतारे संदर्भापासून तोडले आहेत, हा.

या वाचनपद्धतीची वंशावळ मराठी लेखनाशी निगडित आहे. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली कविता छापून आली. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांवरील आरोप खुनाचा नव्हता. पण आठवड्याच्या त्या अंतराची छाया साऱ्या खटल्यावर पडली होती. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. सहा युरोपियन ज्युरर एका बाजूला आणि तीन हिंदी ज्युरर दुसऱ्या बाजूला, अशी फूट पडून टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सरकारची भीती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणता येणार नाही. त्या उत्सवात अफझलखानाच्या वधाचे नैतिक समर्थन झाले होते, आणि नीतिशास्त्रीय चर्चा कोणत्या क्षणी आवाहन बनते हा प्रश्न खराच होता. स्ट्रॅचींच्या व्याख्येने मात्र तो पुसून टाकला. प्रीतीचा अभाव हाच गुन्हा ठरला, की शोकगीत आणि कट यांत भेद उरत नाही.

दामोदर चाफेकरांनी अटकेनंतर तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त येथे निर्णायक ठरते. त्यात प्लेगच्या काळातील घरझडत्यांचा संताप आहेच. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून सुधारकांविषयीचा तीव्र द्वेष, सैन्यात शिरण्याची अपुरी राहिलेली आकांक्षा, कवायतीचे वेड आणि धर्मरक्षकाचा अहंकार दिसतो. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासणे, सुधारकांवर हल्ले करणे अशी कृत्ये रँडच्या खुनापूर्वीची आहेत. भाकितच करावयाचे असते तर ते या चढत्या क्रमावरून अधिक नेमकेपणाने करता आले असते. कवितेतील भवानी तलवार हजारो वाचकांची होती. डांबराचा डबा मोजक्या हातांत होता. अर्थात आत्मवृत्तालाही साक्षीपुराव्याचा दर्जा सरसकट देता येत नाही. फाशीच्या छायेत लिहिणारा माणूस स्वतःच्या आयुष्याला एक कथानक देत असतो, आणि तेथे हेतू बहुधा कृतीनंतर सुबक होतो.

नाशिकच्या प्रकरणात वाचन आणि कृती यांचा क्रमच उलटा झाला. जून १९०९ मध्ये गणेश दामोदर सावरकर यांना प्रक्षोभक कवितांच्या प्रकाशनाबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पौराणिक आणि शिवकालीन रूपकांमागे इंग्रज सत्ता आहे, हा न्यायालयाचा अन्वयार्थ चुकीचा नव्हता. किंबहुना समीक्षक म्हणून न्यायालय येथे बरेच चांगले ठरले. पण २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना ठार केले, तेव्हा बाबारावांना झालेली हीच शिक्षा त्या खुनामागचे एक प्रमुख कारण होती. हिंसा रोखण्यासाठी झालेले वाचन स्वतःच हिंसेच्या कारणपरंपरेत जाऊन बसले. १९१८ चा रौलट समितीचा अहवाल हा सारा काळ मागे वळून वाचतो. चाफेकरांचे श्लोक, ‘केसरी’चे लेख आणि नाशिकचा कट एकाच सरळ रेषेत मांडतो, आणि त्या रेषेच्या मुळाशी चित्पावन ही जात ठेवतो. शेवट आधीच ठाऊक असलेल्या वाचकाला प्रत्येक पान सूचक वाटते.

कर्जतच्या डोंगरांत या पद्धतीची मर्यादा उघडी पडते. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेल्या कोतवालांनी वकिलीचे शिक्षण घेतले, माथेरानच्या नगरपालिकेत काम केले, सावकारी पाशातील कुळांसाठी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यांत शाळा चालविल्या. मनोरे पाडणाऱ्या हातांना एकत्र आणणारा विश्वास या व्यवहारांतून निर्माण झाला होता. त्याचा माग ‘हरिजन’च्या उताऱ्यांत लागणे शक्य नव्हते. भातशेतीच्या या मुलुखात माणसे कोणाच्या शब्दावर जंगलात शिरतील, हे त्या शब्दांपेक्षा मागच्या पावसाळ्यात धान्य कोणी दिले होते, यावर ठरत होते.