हजच्या वाटेवरचा पोशाख

हजला किंवा उमऱ्याला निघायचे ठरले की पुरुषांच्या कपड्यांचा प्रश्न दोन बिनशिलाईच्या चादरींत मिटतो. बायकांचा मिटत नाही. अबाया काळा घ्यावा की पांढरा? चेहरा झाकावा की उघडा ठेवावा? सलवार-कमीज चालते का, साडी चालते का? आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, म्हणून मोहल्ल्यातल्या आया-बहिणी हे प्रश्न आमच्याकडेही आणतात. त्यांना आधी मिळालेली उत्तरे शेजारणीच्या अनुभवाची असतात, नाहीतर ट्रॅव्हल एजंटने सांगितलेली. त्यांत शरीयत किती, त्या देशाचा कायदा किती आणि रिवाज किती, हे कोणी वेगळे करून सांगत नाही. इतिहास पाहिला तर ते बरेचसे वेगळे करता येते.

आधी शरीयतीची गोष्ट. स्त्रीच्या इहरामाला वेगळा पोशाख नाही. तिचे नेहमीचे शिवलेले, अंग नीट झाकणारे कपडे हाच तिचा इहराम. रंगाची अट नाही. उलट इहराममध्ये असलेल्या स्त्रीने निकाब बांधू नये, हातमोजे घालू नयेत, अशी हदीस सहीह बुखारीत आहे. परक्या पुरुषांसमोर चेहऱ्याची ओट कशी करावी, याबद्दल उलेमांचे वेगवेगळे मत आहे. म्हणून काही बायका पुढे छज्जा असलेली टोपी घालून तिच्यावरून कापड सोडतात, म्हणजे ते चेहऱ्याला लागत नाही. आपल्याकडे केस आवरायला जो पांढरा रुमाल बांधतात, त्यालाच पुष्कळ बायका इहराम समजतात. वजू करतानाही तो काढत नाहीत आणि मसह त्या रुमालावरूनच करतात. तो रुमाल सोयीचा आहे, पण तो इहराम नव्हे. मसह डोक्यावरच करायचा असतो.

आता आपल्या देशातून गेलेल्या बायका पाहू. बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीहून शाही घराण्यातल्या स्त्रियांना घेऊन निघाली. पोर्तुगिजांच्या परवान्यासाठी सूरतेत खोळंबून १५७६ मध्ये तिचे जहाज सुटले. ती परतली १५८२ मध्ये. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये मुंबईहून जहाजाने हजला गेल्या. सोबत त्यांची आई कुदसिया बेगम होती. सिकंदर बेगम पर्दा करत नसत. घोड्यावर बसून राज्यकारभार पाहणारी ही बाई. त्यांनी आपला सफरनामा लिहिला आणि १८७० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. त्यांची नात सुलतान जहाँ बेगम १९०३-०४ मध्ये हजला गेल्या. त्या मात्र पर्द्याच्या पक्क्या. १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्जच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेल्या तेव्हाही त्या बुरख्यातच होत्या. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी तो सोडला. घराणे एक, काबाही एकच, आणि आजी-नातीचा पोशाख वेगळा. त्यावरून एकीचा हज कमी आणि दुसरीचा जास्त असे म्हणता येणार नाही.

मग काळ्या अबायाची सक्ती आली कुठून? सौदी अरेबियाचे राज्य १९३२ मध्ये स्थापन झाले. नोव्हेंबर १९७९ मध्ये सशस्त्र लोकांनी मक्केतल्या हरम शरीफचा ताबा घेतला. ते बंड मोडल्यावर तिथल्या सरकारने धार्मिक गटांना अधिक मोकळीक दिली आणि बायकांच्या कपड्यांवरची नजर अधिक कडक झाली. परदेशी बाईलाही बाजारात जाताना अबाया घालावाच लागे. तरीही हरमच्या आत इंडोनेशियाच्या बायका पांढऱ्या कपड्यांत आणि आफ्रिकेच्या बायका रंगीबेरंगी कपड्यांत तवाफ करतच राहिल्या. त्यांना कोणी काळा रंग घालायला लावला नाही.

कपड्याला जिवापेक्षा मोठे केले की काय होते, याची एक आठवण मुली शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना विसरता येत नाही. ११ मार्च २००२ रोजी मक्केतल्या मुलींच्या एका शाळेला आग लागली आणि पंधरा मुली मेल्या. अबाया व डोक्यावर ओढणी नाही म्हणून धार्मिक पोलिसांनी मुलींना बाहेर पडू दिले नाही, असे तेव्हा सौदी वर्तमानपत्रांनीच छापले. सरकारी चौकशीने ते मान्य केले नाही. पण त्याच महिन्यात मुलींच्या शिक्षणाचा कारभार धार्मिक खात्याकडून काढून शिक्षण मंत्रालयाकडे दिला गेला. जीव वाचवणे हा शरीयतीच्या मूळ हेतूंपैकी एक आहे, हे वर्गात शिकवताना आम्हांला त्या मुली आठवतात.

त्यानंतर पुष्कळ बदलले. २०१६ मध्ये धार्मिक पोलिसांचा अटक करण्याचा अधिकार गेला. २०१८ मध्ये युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी मुलाखतीत सांगितले की कायद्यात काळ्या अबायाचा उल्लेख नाही, पोशाख सभ्य असला म्हणजे झाले. २०१९ मध्ये पर्यटकांसाठी व्हिसा सुरू झाला. पर्यटक बाईला अबायाची सक्ती ठेवली नाही, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत असा नियम केला. भारतातून २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका मेहरमशिवाय गटाने हजला जाऊ लागल्या. २०२३ मध्ये अशा बायका चार हजारांहून अधिक होत्या. सोबत घरचा पुरुष नसेल, तर काय शिवायचे आणि बॅगेत काय भरायचे हे ज्याचे त्याने नव्हे, जिचे तिने ठरवायचे आहे.

ठरवताना सोयीचाही विचार करावा, कारण तिथे सोय म्हणजे चैन नव्हे. जून २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला आणि तेराशेहून अधिक माणसे मेली. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांतच तीन किलोमीटरहून जास्त चालणे होते. मुजदलिफ्यात रात्र उघड्यावर काढायची असते. अंगाला चिकटणारे नायलॉन तिथे जाच होते. सुती, ढगळ, मनगटापर्यंत बाह्यांचे आणि पायात न अडकणारे कपडे हवेत. त्यांना आतून एक खिसाही असावा. काळा रंग उन्हात घालूच नये असेही नाही. १९८० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात वाळवंटातल्या बदूंच्या झग्यांवरचा अभ्यास छापला होता. काळा झगा जास्त ऊन शोषतो खरा, पण ढगळ असल्यामुळे ती जादा उष्णता अंगापर्यंत पोहोचत नाही, असे त्यात आढळले. तेव्हा रंगापेक्षा ढगळपणा महत्त्वाचा.

कुराण शरीफात ओढणी आणि चादर घेण्याचा हुकूम आहे, रंग सांगितलेला नाही. सूरह आराफमध्ये तक्व्याचा पोशाख सर्वांत चांगला म्हटला आहे. तो कुठल्या दुकानात विकत मिळत नाही. बाकीचे कपडे मात्र अंग झाकणारे, त्या देशाचा नियम पाळणारे आणि आपल्याला झेपणारे घ्यावेत. साडी नेसणाऱ्या बाईने पूर्ण बाह्यांचा पोलका आणि वरून मोठी चादर घेतली, तर तिने नवा अबाया घेतलाच पाहिजे असे नाही. ज्यांना अबाया आवडतो त्यांनी तो खुशाल घ्यावा. फक्त त्याच्यासाठी कर्ज काढू नये, आणि जिच्याकडे तो नाही तिला कमी लेखू नये.