२२ मिनिटांची शिस्त

परवा ऑफिसच्या कॅबमध्ये एका मित्राशी वाद झाला. विषय नेहमीचाच, प्रोग्रेसिव्ह रॉक. त्याचं म्हणणं, "हे लोक स्वतःच्याच प्रेमात पडलेले रे! वीस-वीस मिनिटांची गाणी कोण ऐकणार? आवरणारं कुणी नव्हतं, म्हणून पसरत गेले." मी नुसताच तणतणलो. योग्य उत्तर घरी पोचल्यावर सुचलं (नेहमीप्रमाणे). म्हणून हा लेख.

आवरणारं होतं की! रेकॉर्डची तबकडी.

कोलंबिया कंपनीने १९४८ साली एलपी बाजारात आणली. १२ इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे आणि एका बाजूवर साधारण २२ मिनिटं. त्याहून जास्त कोंबता येतं, पण मग खाचा जवळजवळ पाडाव्या लागतात, आवाज कमी ठेवावा लागतो आणि बेसचा जोर जातो. म्हणजे मर्यादा थेट प्लॅस्टिकमध्येच कोरलेली. तिथे रॉकस्टारचा इगो चालत नाही.

आपल्याला खरं तर हे नवीन नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायल्या तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर दोन-तीन मिनिटंच मावत होती. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी ऐकून बघा. तीन-सव्वातीन मिनिटांत राग उभा राहतो आणि घाई कुठेही जाणवत नाही.

आता १९७२ सालाकडे या. येसचा 'क्लोज टू दि एज' आला. पहिली अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं, जवळजवळ १९ मिनिटांचं. सुरुवातीला पाणी आणि पक्ष्यांचे आवाज, मग एकदम गदारोळ, मध्ये सगळं शांत होऊन चर्चमधला ऑर्गन आणि शेवटी पुन्हा तेच पक्षी. पहिल्यांदा ऐकताना काही कळत नाही, पण चार-पाच वेळा ऐकलं की कुठलाही तुकडा काढता येत नाही हे लक्षात येतं. त्याच वर्षी जेनेसिसने 'फॉक्सट्रॉट'मध्ये २३ मिनिटांचं 'सपर्स रेडी' केलं. जेथ्रो टलने तर 'थिक ॲज अ ब्रिक' हा अख्खा अल्बमच एका गाण्याचा केला. एक बाजू संपताना संगीत हळूहळू विरतं आणि तबकडी उलटली की पुन्हा वर येतं. मर्यादा अशी वापरायची!

आणि मर्यादा सैल झाली की काय होतं? उदाहरण पुन्हा येसचंच. १९७३ साली त्यांनी 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' काढला. दोन तबकड्या, चार बाजू, चार गाणी. कीबोर्डवाल्या रिक वेकमनची तक्रार होती की मालमसाला एका तबकडीला जास्त आणि दोनला कमी आहे, त्यामुळे उगाच पाणी घालावं लागलं. त्या दौऱ्यात मँचेस्टरच्या कार्यक्रमात स्टेजवरच बसून आपण करी खाल्ली असं तो स्वतःच सांगतो :) १९७४ मध्ये त्याने बँड सोडला. माझं मत? पहिली आणि चौथी बाजू ठेवा, बाकी सोडून द्या.

रशची गोष्ट उलटी. १९७५ चा 'कॅरेस ऑफ स्टील' आपटला होता. रेकॉर्ड कंपनीला आता छोटी, रेडिओवर वाजतील अशी गाणी हवी होती. बँड बंद पडायची वेळ आली होती. तरीही १९७६ च्या '२११२'ची पहिली बाजू त्यांनी २० मिनिटांच्या एकाच गाण्याला दिली आणि दुसऱ्या बाजूवर नेहमीच्या लांबीची गाणी ठेवली. अल्बम चालला, बँड वाचला.

पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' (१९७९) दोन तबकड्यांचा. तिथे तर एका बाजूवर जागा पुरेना, म्हणून 'व्हॉट शॅल वी डू नाऊ' हे गाणं ऐनवेळी गाळलं. तोवर कव्हर छापून झालं होतं, त्यामुळे गाण्याचे शब्द कव्हरवर आणि गाणं गायब! रिलीजच्या आदल्या रात्री फीचर काढलं आणि डॉक्युमेंटेशन तसंच राहिलं, हा अनुभव आपल्या धंद्यातल्या कुणाला नवीन नसावा.

१९८२ मध्ये सीडी आली आणि सलग ७४ मिनिटं मिळाली. जागा आहे म्हणून भरली, असे अल्बम मग खूप निघाले. म्हणून मला रेडिओहेडच्या 'ओके कंप्युटर'चं (१९९७) कौतुक वाटतं. सीडीवर आणखी २० मिनिटं मावली असती, पण ते ५३ मिनिटांवर थांबले. टूलचा 'लॅटरॅलस' (२००१) मात्र ७९ मिनिटांचा, सीडी काठोकाठ भरलेली. तो मला प्रचंड आवडतो, त्यामुळे माझ्या थिअरीला तिथे भोक पडतं हे मान्य. पण २०१९ च्या 'फिअर इनॉक्युलम'ची डिजिटल आवृत्ती ८६ मिनिटांवर गेली. सीडीत न मावलेले वाद्यसंगीताचे तुकडे त्यात आहेत. ते नसते तर मला चुकल्यासारखं वाटलं नसतं.

आता तबकडी नाही, सीडी नाही, म्हणजे मर्यादा संपली का? नाही. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' असं मोजलं जातं. म्हणजे मर्यादा आहेच, फक्त जागा बदलली. एलपी विचारायची, "२२ मिनिटांत पूर्ण काय सांगशील?" आता विचारतात, "अर्ध्या मिनिटात थांबवून दाखव." पहिल्या प्रश्नातून 'क्लोज टू दि एज' निघाला. दुसऱ्यातून तसं काही निघेल का, याची मला शंका आहे.

असो. मित्राला 'क्लोज टू दि एज'ची लिंक पाठवलीये. तीन दिवस झाले, उत्तर नाही. बहुतेक त्याला अजून सलग १९ मिनिटं मिळाली नसावीत. तुम्हाला मिळतात का बघा.