पबजी, बीजीएमआय खेळून मुलं हिंसक होतात का? संशोधन नेमकं काय सांगतं?

तळवलीत आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात रात्री नऊनंतर चार-पाच पोरं मोबाईल आडवा धरून बसलेली असतात. 'रिवाइव्ह दे ना!', 'मागे आहे, मागे!' आणि मग एक सणसणीत शिवी. परवा शेजारच्या काकूंनी मला गाठलं. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, मग सांग, त्या गोळीबारामुळेच हा घरात असा अंगावर येतो ना?"

प्रश्न जुनाच आहे. जानेवारी २०१९ मध्ये ११ वर्षांच्या एका मुलाच्या नावाने, त्याच्या आईमार्फत, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. पबजीमुळे हिंसा आणि आक्रमकता वाढते, म्हणून गेमवर बंदी घाला, अशी मागणी होती. न्यायालयाने केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला त्यात लक्ष घालायला सांगितलं. पुढे २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी आली खरी, पण तिचं कारण वेगळं होतं. सीमेवरच्या तणावानंतर देशाची सुरक्षा आणि युजर्सचा डेटा हे मुद्दे पुढे करून ती घातली गेली. गेममधल्या हिंसेचा त्यात संबंध नव्हता.

आक्रमकता आणि हिंसा एकच नाही

इथेच बहुतेक बातम्या घोळ घालतात. चिडणं, ओरडणं, ढकलणं, मुद्दाम त्रास देणं ही आक्रमकता. कुणाला गंभीर इजा करणं ही हिंसा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मार्च २०२० मध्ये हाच फरक स्पष्ट केला. हिंसक गेम आणि ओरडणं-ढकलणं यांसारखं वागणं यांच्यात लहान पण वारंवार दिसणारा संबंध आहे, मात्र खऱ्या हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी म्हटलं.

'लहान' म्हणजे किती? २०१८ मध्ये २४ अभ्यास एकत्र करून १७,००० हून जास्त मुलांची माहिती तपासली गेली. हे सगळे अभ्यास त्याच मुलांकडे काही काळाने पुन्हा बघणारे होते. मुलगा आधीपासून किती मारकुटा होता हे आणि इतर घटकही हिशेबात धरल्यावर संबंधाचा आकडा उरला सुमारे ०.०८. इथे ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे पूर्ण संबंध. म्हणजे शून्य नाही, पण एखाद्या मुलाकडे बघून 'गेममुळेच झालं' म्हणण्याइतका मोठाही नाही.

उलट बाजूचेही अभ्यास आहेत. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार मुलांच्या अभ्यासात, गेम किती हिंसक आहे हे मुलांना न विचारता अधिकृत वयाच्या रेटिंगवरून ठरवलं आणि मुलांच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं. संबंध सापडला नाही. जर्मनीत प्रौढांच्या एका गटाला दोन महिने रोज किमान अर्धा तास जीटीए ५ खेळायला दिला, दुसऱ्या गटाला सिम्स ३, तिसऱ्याला काहीच नाही. शेवटी आक्रमकतेत फरक दिसला नाही. अर्थात ती मोठी माणसं होती. जिन्यातल्या तेरा वर्षांच्या पोराला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही.

मग पोरगं चिडतं कशामुळे?

मला सगळ्यात पटलेला अभ्यास २०१४ चा आहे, आणि त्यात एक गेम चक्क टेट्रिस होता. ना रक्त, ना बंदूक. आधी प्रत्येकाला २५ सेकंद थंडगार पाण्यात हात धरायला लावला. मग काहींना नेहमीचा टेट्रिस दिला, काहींना मुद्दाम अवघड करून ठेवलेला. नंतर विचारलं, पुढच्या माणसाने किती वेळ पाण्यात हात ठेवावा? अवघड गेममध्ये अडकलेल्यांनी सरासरी १० सेकंद जास्त सांगितले.

म्हणजे राग येतो तो आपल्याला जमत नाही म्हणून, कंट्रोल हातातून निसटला म्हणून. हे तुम्हालाही माहीत आहे. शेवटचे तीन प्लेअर उरलेत आणि नेमका तेव्हाच पिंग ३०० वर गेला, की काय वाटतं? समोरच्याने गोळी कधीच झाडलेली असते, ती तुमच्या स्क्रीनवर उशिरा दिसते. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर माझ्या रूम पार्टनरने याच कारणाने फोन भिंतीवर आपटला होता. स्वतःचाच, आणि हप्ते बाकी असताना.

जुलै २०२१ मध्ये पबजी बीजीएमआय बनून परत आला तेव्हा रक्त हिरवं केलं आणि 'किल'च्या जागी 'फिनिश' आलं. दिसायला बरं, पण वरचं सगळं बघितलं तर रंग हा मुख्य मुद्दाच नव्हता. १८ वर्षांखालच्यांसाठी रोजची तीन तासांची मर्यादा मला त्यापेक्षा कामाची वाटते. झोप आणि अभ्यासाचं नुकसान वेळेमुळे होतं. गेमपायी भान सुटण्याचा धोकाही खराच आहे. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रुळांजवळ पबजी खेळणारे दोन तरुण रेल्वेखाली गेले. त्यात आक्रमकतेचा काही संबंध नव्हता.

घरातली भांडणं कमी करायची असतील तर

काकूंना मी एवढंच विचारलं, तो अंगावर येतो तो कधी? उत्तर आलं, "फोन काढून घेतला की." क्लासिक मॅच अर्धा तास चालते आणि मध्येच थांबवता येत नाही. सोडली तर टीम अडकते आणि रँकचे पॉइंट जातात. म्हणून 'दहा वाजता बंद' म्हणण्यापेक्षा 'ही शेवटची मॅच' असं आधीच ठरवा. वेळ कमी असेल तर टीम डेथमॅच खेळा, ती दहा मिनिटांत आटोपते.

अनोळखी लोकांसोबत खेळताना मिनी-मॅपजवळचं स्पीकरचं चिन्ह दाबून आवाज बंद करा. निम्म्या शिव्या तिथूनच येतात. पिंग सतत लाल दिसत असेल तर त्या दिवशी रँक मॅच खेळूच नका.

अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमधला अ‍ॅप टायमर मात्र जपून लावा. वेळ संपली की तो मॅचच्या मध्यातच गेम बंद करतो. काकूंनी तो लावला होता, आणि सगळ्यात मोठं भांडण त्याच रात्री झालं.