गूलाश

गूलाश : हंगेरीतील एक पारंपरिक रस्सेदार खाद्यपदार्थ. गोमांस, कांदा, डुकराची चरबी आणि पाप्रिका म्हणजे तांबड्या मिरचीची पूड हे त्याचे मुख्य घटक होत. मूळ हंगेरियन उच्चार ‘गुयाश’. ‘गुया’ म्हणजे गुरांचा कळप व ‘गुयाश’ म्हणजे गुराखी. गुराख्यांच्या मांसप्रकाराला ‘गुयाशहूश’ म्हणत; त्याचा संक्षेप होऊन गुराख्याचेच नाव पदार्थास लाभले. हंगेरीचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून तो जगभर ओळखला जातो. तथापि त्याची ही प्रतिष्ठा व त्याचा तांबडा रंग या दोन्ही गोष्टी तुलनेने अर्वाचीन आहेत.

उगम : मोहाचच्या लढाईनंतर (१५२६) हंगेरीचा मध्यभाग ऑटोमन तुर्कांच्या सत्तेखाली गेला, बूडा हे राजधानीचे शहर १५४१ ते १६८६ या काळात त्यांच्याकडे होते. युद्धांमुळे तेथील महामैदानातील अनेक गावे ओस पडली आणि विस्तीर्ण चराऊ राने निर्माण झाली. लांब शिंगांच्या करड्या गुरांचे कळप येथून शेकडो किलोमीटर चालवत व्हिएन्ना, न्यूरेंबर्ग, व्हेनिस इ. बाजारपेठांकडे नेले जात. महिनोन्‌महिने उघड्यावर राहणारे गुराखी तिकाटण्याला टांगलेल्या ‘बोग्राच’ नावाच्या कढईत मांस व कांदा शिजवीत. कळप मात्र जमीनदारांच्या किंवा व्यापाऱ्यांच्या मालकीचे असत.

पाप्रिका : मिरची मूळची अमेरिकेतील. हंगेरीत ती ऑटोमन साम्राज्याच्या बाल्कन प्रदेशातून आली व प्रारंभी ‘तुर्की मिरी’ म्हणून ओळखली जाई. सधन घराण्यांच्या बागांत ती शोभेसाठी लावीत. स्वयंपाकात तिचा वापर प्रथम शेतकरी व गुराखी यांनी अठराव्या शतकात रूढ केला, कारण आयात केलेली काळी मिरी त्यांना परवडत नसे. ‘पाप्रिका’ हा शब्द मिरीवाचक दक्षिण स्लाव्ह शब्दापासून बनला. पोर्तुगीजांनी गोव्यामार्गे भारतात आणलेल्या याच वनस्पतीला मराठीत मिरीवरूनच ‘मिरची’ हे नाव पडले, हे साम्य लक्षणीय आहे. मिरचीचा तिखटपणा मुख्यतः तिच्या आतील पांढऱ्या शिरांत असतो. शिरा व बिया वेगळ्या करण्याचे यंत्र सेगेड येथील पाल्फी बंधूंनी १८५९ मध्ये तयार केले. त्यामुळे सौम्य पूड मोठ्या प्रमाणावर मिळू लागली आणि सेगेड व कॉलोचा ही तिची प्रमुख केंद्रे बनली.

राष्ट्रीय प्रतीक : हॅब्सबर्ग सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये जर्मन ही हंगेरीची प्रशासकीय भाषा ठरविली व हंगेरीचा राजमुकुट व्हिएन्नास नेला. त्याविरुद्ध उसळलेल्या असंतोषातून सरदारवर्गाने हंगेरियन भाषा, पोशाख व आहार यांचा हेतुपुरस्सर पुरस्कार केला. १७९० मध्ये जोसेफने बहुतेक सुधारणा मागे घेतल्या. मुकुट परत आला. गुराख्यांची कढई या काळात वाड्यांतील मेजवान्यांपर्यंत पोहोचली. गुराख्यांच्या कष्टप्रद जीवनात मात्र या गौरवामुळे काही पालट झाला नाही. एकोणिसाव्या शतकात पाककृतींची पुस्तके, उपाहारगृहे व साम्राज्याच्या सैन्यातील स्वयंपाकघरे यांतून गूलाशचा प्रसार झाला.

कृती : पिंढरीचे किंवा खांद्याचे चिवट मांस यासाठी पसंत करतात. एक किग्रॅ. मांसास साधारणतः दोन मोठे कांदे व दोन-तीन मोठे चमचे पाप्रिका लागते. बारीक चिरलेला कांदा चरबीत मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत परततात. नंतर भांडे विस्तवावरून उतरवून मगच पाप्रिका घालतात. तिच्यातील रंगद्रव्ये चरबीत विरघळतात. परंतु शर्करा त्वरित जळून पूड कडवट होते, म्हणून ही दक्षता आवश्यक असते. मांसाचे चौकोनी तुकडे, मीठ, लसूण, कॅरावे नावाचे शहाजिऱ्यासारखे बी व थोडे पाणी घालून ते दोन तास वा अधिक काळ शिजवितात. मांसातील कोलॅजनाचे जिलेटिनात रूपांतर होऊन मांस मऊ होते व रस्सा अंगचाच दाट होतो. त्यासाठी पीठ लावीत नाहीत. अखेरीस पाणी वाढवून बटाटे, गाजर व चिमटीने तोडलेले कणकेचे लहान गोळे घालतात. बटाट्याची भर एकोणिसाव्या शतकातील आहे. हंगेरीत गुयाश म्हणजे सूपसारखा पातळ प्रकार. इतरत्र ‘गूलाश’ म्हणून मिळणाऱ्या दाट प्रकारास तेथे ‘पोर्कोल्ट’ म्हणतात.

विसाव्या शतकातील स्थिती : १९५६ चा उठाव सोव्हिएट सैन्याने चिरडल्यानंतर सत्तेवर आलेल्या यानोश कादार याने प्रथम कठोर दडपशाही केली, पुढे बाजारपेठेस काही वाव देणाऱ्या आर्थिक सुधारणा १९६८ पासून अंमलात आणल्या. राजकीय स्वातंत्र्याऐवजी भरल्या ताटाची हमी देणाऱ्या या राजवटीस ‘गूलाश साम्यवाद’ हे नाव पडले. एका सम्राटाच्या विरोधाची खूण ठरलेला पदार्थ अशा रीतीने सत्तेशी केलेल्या तडजोडीची खूण बनला. याच शतकात यांत्रिक शेतीमुळे करडी गुरे जवळजवळ नामशेष होत आली होती. होर्तोबाद्य राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९७३) त्यांचे जतन करण्यात आले आहे. १९९९ मध्ये या उद्यानाचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. तेथील पशुपालन-परंपरा हे त्यामागील प्रमुख कारण होते.