दूरच्या यंत्रातली फाईल

बडोद्यात, इंदूरला, हैदराबादेत, बेळगावात, दिल्लीत, जिथे कुठे तुम्ही हे ऐकत किंवा वाचत असाल, तिथे तुमच्यापैकी अनेकांची कामाची फाईल दुसऱ्याच गावातल्या सर्व्हरवर असते. सकाळी चहा घेता घेता आपण ती उघडतो. या साध्या कृतीला पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्याच्या पहिल्या पानावर अलाहाबादच्या एका मुलाचं नाव आहे.

अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचा, १९६० ते १९६५ या काळातला विद्यार्थी. ही संस्था तेव्हा नुकती उभी राहत होती. १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० हा संगणक आला आणि विद्यार्थ्यांना त्यावर हात चालवायला मिळाला, हे त्या काळच्या भारतात अपूर्वाईचं होतं. पुढे भूषण अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले. १६ एप्रिल १९७१ या तारखेचा त्यांचा एक मसुदा आहे, आरएफसी ११४. शीर्षक अगदी सरळ: फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल. आपण ज्याला एफटीपी म्हणतो, त्याचा हा जन्मदाखला.

‘भारतीयाने इंटरनेट शोधलं’ छापाचे संदेश तुमच्याही फोनवर येत असतील. मला ते आवडत नाहीत. अर्पानेटवरचं काम अनेकांनी मिळून, एकमेकांच्या मसुद्यांवर वाद घालत केलेलं आहे. पण भूषण यांनी नेमका कोणता प्रश्न हातात घेतला, ते समजून घेण्यासारखं आहे.

अर्पानेटवरची यंत्रं एका जातीची नव्हती. पीडीपी-१० या संगणकाचा शब्द ३६ बिटांचा, आयबीएम ३६० चा ३२ बिटांचा. अक्षरं साठवायची पद्धतही वेगळी, एकाची अ‍ॅस्की, दुसऱ्याची एबसिडिक. फाईलींना नावं देण्याचे नियम वेगळे. थोडक्यात, एका घरची वही दुसऱ्या घरी वाचताच यायची नाही. मग दूरच्या यंत्रातली फाईल वापरायची तर त्या यंत्राची सगळी रीत शिकायची का? भूषण यांचं म्हणणं होतं, नाही. मधे एक समान बोली ठेवा. ‘मी अमुक’, ‘हा माझा पासवर्ड’, ‘ही फाईल द्या’, ‘ही ठेवून घ्या’, असे मोजके हुकूम. आपल्या घरात कशी व्यवस्था लावायची ते ज्याचं त्याने बघावं.

या समान बोलीत मजकुराची फाईल आणि बाकीची फाईल असा भेद होता, तो पुढे फार वर्षं टिकला. नव्वदच्या दशकात ज्यांनी डीटीपीचं काम केलं असेल, त्यांना हे आठवेल. फॉन्टची फाईल चुकून मजकूर म्हणून पाठवली, की वाटेत ओळीच्या शेवटची चिन्हं बदलली जात आणि पलीकडे फॉन्ट उघडतच नसे. एका दिवाळी अंकाची पानं इंदूरहून पुण्याला जाताना हा गोंधळ मी जवळून पाहिला आहे. शेवटी सीडी कुरियरनेच गेली!

आता भारतात या. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने अर्नेट सुरू झालं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतला स्वतः विभाग आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा या उभारणीत मोठा वाटा. एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात फोनवरून ईमेल धावू लागली. मग १९८९ च्या सुमारास एनसीएसटीतून अमेरिकेशी सेकंदाला ९,६०० बिटांची लाईन मिळाली. हिशोब करून बघा. एक एमबीची फाईल, लाईन पूर्ण मोकळी असली तरी, जवळजवळ पंधरा मिनिटं. आणि लाईन मोकळी कुठली असायला? तिच्यावर कितीतरी संस्थांचा भार.

ज्यांच्याकडे फक्त ईमेल होती, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या डीईसी कंपनीच्या प्रयोगशाळेने एक युक्ती काढली होती. पत्रात फाईलचा पत्ता आणि हुकूम लिहून पाठवायचे. तिकडचा संगणक फाईल आणून, तुकडे करून, पत्रांतून परत पाठवी. तुकडे जोडायचे आपण. एखादा हरवला तर पुन्हा मागायचा. मला यात मनीऑर्डरची आठवण होते.

या सगळ्यात एक भोक पहिल्यापासून होतं. एफटीपीत आणि टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जाई, पोस्टकार्डावर लिहावा तसा. १९७१ मध्ये ते खपून गेलं, कारण जोडलेली ठिकाणं मोजकी आणि माणसं ओळखीची. गावात दाराला कडी लावत नसत, तसं. पण गावाचं शहर झालं तरी कडी आली नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने इशारा दिला, की जाळ्यावर कान लावून बसलेल्यांनी हजारो यंत्रांची प्रवेशमाहिती गोळा केली आहे. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असा कान सापडला. त्याच्या पोटात हजारो नावं आणि पासवर्ड होते. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने काही महिन्यांत एसएसएच लिहून काढलं, ज्यात सगळं बोलणं कुलूपबंद. जुलै १९९५ मध्ये त्याने त्यासाठी पोर्टचा क्रमांक मागितला. एफटीपीचा २१, टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा होता. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: २२ तुमचा. त्याच सुमारास, १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. म्हणजे आपण दारात पाऊल ठेवलं, तेव्हा कडी नुकती तयार झाली होती. तरीही पुढची कितीतरी वर्षं आपण पासवर्ड उघडेच पाठवत राहिलो, कारण शिकवणारे जे शिकले होते तेच शिकवत होते.

मधल्या काळात सन कंपनीचं एनएफएस आलं, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचं अँड्र्यू आलं. दूरची फाईल जवळच आहे असं भासवणारी ही मंडळी. आजची ड्राइव्ह त्याच विचाराच्या वाटेवरची. मात्र माझ्या मते खरा फरक वेगळा आहे: फाईल आपल्याकडे आणायची, की आपण फाईलकडे जायचं?

मार्च २०२० मध्ये माझ्या भाचीला हा फरक दोन दिवसांत कळला. दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात ती पीएचडी करत होती. हॉस्टेल रिकामं करा म्हणाले आणि ती लातूरजवळच्या आपल्या गावी आली. चाळीस जीबीची निरीक्षणं प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर राहिली. ग्रंथालयातली ई-नियतकालिकं तर बंदच, कारण प्रकाशकांचं दार विद्यापीठाच्या आवारातला पत्ता पाहून उघडतं. घरून गेलेली तीच विद्यार्थिनी त्याला परकी. व्हीपीएन असतं तर घरचा संगणक आवारातला ठरला असता, पण तिच्या विद्यापीठाने ते फक्त प्राध्यापकांना दिलं होतं. का, याचं उत्तर तिला कुणी दिलं नाही.

प्रयोगशाळेचा एसएसएच मात्र चालू होता. चाळीस जीबी मोबाईलच्या दिवसाच्या दीड जीबीत आणणं म्हणजे महिनाभराचं काम, तेही रेंज टिकली तर. मग तिने काहीच आणलं नाही. ओसरीत बसून ती हुकूम टंकायची, गणित तिकडच्या सर्व्हरवर व्हायचं, इकडे फक्त अक्षरं यायची. रात्री गणित लावून झोपायची आणि सकाळी काही केबीची आलेखाची फाईल उतरवून घ्यायची. प्रबंधाचं तिसरं प्रकरण असं झालं. लेख मात्र मैत्रिणींकडून मागून आणले.