कोरा रकाना

क्रिकेटचा इतिहास आपण धावांच्या भाषेत लिहिला आणि त्यात यष्टिरक्षकावर अन्याय झाला, असे माझे मत आहे. जुने धावफलक चाळताना मुंबईच्या नरेन ताम्हाण्यांच्या नावापाशी मी हटकून थांबतो. १९५५च्या जानेवारीत, पाकिस्तानच्या दौऱ्यात, ढाक्क्याला ते पहिला कसोटी सामना खेळले. सारे मिळून सामने २१, धावा २२५. एवढेच वाचणारा म्हणेल, गडी सामान्य होता!

पण पुढचा रकाना पाहावा. झेल ३५, यष्टिचीत १६. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा यष्टिचीत! त्या दौऱ्यात सुभाष गुप्ते लेगब्रेक आणि गुगली टाकीत. चेंडू कुठे वळणार, हे यष्टिरक्षकाने गोलंदाजाच्या मनगटावरूनच ओळखायचे. कारण ऐन वेळी फलंदाजाचे अंग आड येते. टप्पा पडेपर्यंत बसून राहायचे, चेंडूच्या उसळीबरोबर उठायचे, हात सैल ठेवून तो घ्यायचा आणि फलंदाजाचा पाय रेषेत परतण्याआधी बेल्स उडवायच्या.

पुढे १९६७ साली मद्रासला फरोख इंजिनीअरांनी वेस्ट इंडीजविरुद्ध उपाहारापूर्वीच ९४ धावा काढल्या. यष्टिरक्षकाकडून आपली अपेक्षा वाढत गेली. आज त्याची पारख आधी बॅटने होते. त्यात वावगे नाही. पण सुटलेल्या झेलानंतर प्रतिपक्षाने केलेल्या धावा कोणाच्या खाती मांडायच्या? धावफलकात बाइजना जागा आहे. न सुटलेल्या चेंडूंना नाही. ताम्हाण्यांची खरी कमाई मी त्या कोऱ्या रकान्यात वाचतो.