तेलाच्या पाइपात शिजलेला इतिहास

आजचा विषय धुराचा आहे. अमेरिकेत घरामागच्या अंगणात ऑफसेट स्मोकर दिसतो. म्हणजे आडवं लोखंडी पिंप, एका बाजूला जळणाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. मांस थेट आगीवर नसतंच. त्याच्यावरून फक्त गरम हवा आणि धूर जातो.

ही पद्धत आली कुठून? गुलामगिरीच्या काळात दक्षिणेकडे जमिनीत चर खणून निखाऱ्यांवर अख्खं जनावर भाजायचे. रात्रभर जागून निखारे सांभाळायचे ते गुलाम केलेले कृष्णवर्णीय लोक. पुढे मध्य टेक्ससमध्ये जर्मन आणि चेक खाटकांनी विटांच्या भट्ट्या बांधल्या. लॉकहार्टचं क्राइट्स मार्केट १९०० सालचं!

मग आलं तेल. तेलविहिरींमुळे जाड पाइपांचे तुकडे आणि वेल्डर, दोन्ही हाताशी. विटांची भट्टी लोखंडात उतरली.

गोमांसातला छातीचा चिवट, एकेकाळी स्वस्त मिळणारा भाग म्हणजे ब्रिस्केट. साधारण ११०-१२० अंश सेल्सिअसवर दहा-बारा तासांत त्यातलं कोलॅजन विरघळतं, मांस लोण्यासारखं होतं.

मला खटकतं ते एवढंच, की व्हिडिओत स्मोकरचं कौतुक होतं, पण ज्यांनी ही कला घडवली त्यांतल्या बहुतेकांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत. स्मोकर दिसला की ते हातही आठवा. भेटूया पुढच्या भागात!